राइचो माणसाळलेला नाही, त्याला बिस्किटे घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत जपानमधल्या तातेयामा-कुरोबे मार्गावर आणि तिथल्या बर्फाच्या भिंतींवर लेख आला. बस कुठे बदलायची, केबल कार कुठे धरायची, अंगावर किती कपडे घालायचे, ही सगळी माहिती चोख आहे. खटकला तो एकच परिच्छेद. त्यात या मार्गावरच्या मुरोदो थांब्याच्या परिसरात दिसणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांना ‘बर्फातली माणसाळलेली कबुतरे’ म्हटले आहे आणि बिस्किटाचा तुकडा टाकला की ती कॅमेऱ्यापर्यंत येतात, असेही सुचवले आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातून जपान सहलीला जाणाऱ्यांची संख्या आता लहान नाही आणि पुरवणीतले कात्रण खिशात घालून जाणारेही बरेच असतात. म्हणून हे पत्र जरा लांबवतो आहोत.

ते कबूतर नव्हे. तो राइचो, म्हणजे रॉक टार्मिगन या पक्ष्याची जपानी उपजात. हा ग्राउस गटातला पक्षी, म्हणजे तित्तिर, कोंबडी आणि मोर यांच्याच कुळातला. भारतात मात्र एकही ग्राउस नाही. आपल्या माळरानावरच्या पखुर्डीला इंग्रजीत सँडग्राउस म्हणतात खरे, पण ती कबुतरांच्या जवळची. तेव्हा कबूतर म्हणायची हौसच असेल तर पखुर्डीला म्हणावे, राइचोला नको. ओळखायला सोपी खूण म्हणजे पाय. ग्राउसच्या पायांवर पिसे असतात आणि टार्मिगनमध्ये ती पार बोटांच्या टोकापर्यंत उतरलेली असतात. हिवाळ्यात ती दाट होतात, नखेही लांबतात, आणि मऊ बर्फावर पाय रुतत नाही. नाकपुड्याही पिसांनी झाकलेल्या असतात.

रॉक टार्मिगन जगात दुर्मीळ नाही. आइसलँड, नॉर्वे, सायबेरिया, अलास्का, ग्रीनलँड, स्कॉटलंडचे डोंगर, युरोपचे आल्प्स, एवढा मोठा त्याचा पसारा आहे. आइसलँडमध्ये तर नाताळच्या जेवणासाठी त्याची शिकार होते आणि तिथला पक्षी माणूस दिसताच उडतो. जपानमधली वस्ती ही या सगळ्या पसाऱ्याचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक. हिमयुगात समुद्र खाली होता, थंडी सपाटीपर्यंत होती, तेव्हा हा पक्षी उत्तरेकडून होन्शू बेटापर्यंत आला. हवा तापली तसा तो डोंगर चढत गेला आणि माथ्यांवर अडकून पडला. आज तो हिउची-म्योको, उत्तर आल्प्स (जपानमधल्या डोंगररांगांनाही आल्प्सच म्हणतात), नोरिकुरा, ओन्ताके, दक्षिण आल्प्स आणि अलीकडे पुन्हा मध्य आल्प्स अशा सुट्या सुट्या डोंगरांवर आहे. एका डोंगराचा पक्षी दुसऱ्यावर क्वचितच जातो, कारण मधल्या दऱ्यांत त्याच्या कामाचे काही नाही.

त्याच्या कामाचे म्हणजे मुख्यतः हाइमात्सु, जमिनीसरपट वाढणारा ठेंगणा पाइन. साधारण २४०० मीटरच्या आसपास मोठी झाडे संपतात आणि कमरेएवढ्या हाइमात्सुची गचपणे सुरू होतात. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे आहे, मुरोदोचे बस स्थानकच २४५० मीटरवर आहे, यावरून उंचीची कल्पना यावी. घरटे याच पाइनच्या कडेला, खालच्या फांदीआड असते. जमिनीत उथळ खळगा, त्यात वाळकी पाने आणि थोडी पिसे, एवढाच संसार. हाइमात्सु नसेल तर राइचो टिकत नाही, हे फुजीने दाखवून दिले. १९६० मध्ये शिरोउमा डोंगरावरचे सात पक्षी नेऊन फुजीवर सोडले होते. काही वर्षे ते दिसले, विणही झाली, आणि १९७० च्या सुमारास सगळे संपले. फुजी ३७७६ मीटर उंच, थंडी भरपूर, पण तो तरुण ज्वालामुखी आहे आणि त्याच्यावर हाइमात्सु नाही.

आता ‘माणसाळलेला’ या शब्दाविषयी. राइचो माणसापासून चार पावलांवर शांतपणे चरतो, हे खरे. पण माणसाळलेले जनावर खाण्यासाठी माणसाजवळ येते. राइचो माणसाकडे लक्षच देत नाही. तातेयामा, हाकुसान, ओन्ताके हे डोंगर जपानमध्ये देवाचे मानले गेले आणि तिथल्या पक्ष्याला हात लावायची रीत नव्हती. शिनशू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक हिरोशी नाकामुरा यांनी या पक्ष्यावर अनेक वर्षे काम केले आहे. त्याच्या निर्भयतेचे कारण ते या परंपरेतच पाहतात. १९५५ पासून तो कायद्याने ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ आहे. त्याला पकडणे, त्रास देणे, अंडी उचलणे हा गुन्हा आहे.

बिस्किटाचे म्हणाल तर तो ते खात नाही. हिवाळ्यात त्याचे अन्न म्हणजे बर्फावर डोकावणाऱ्या भूर्ज झाडांच्या कळ्या आणि कोवळी टोके. उन्हाळ्यात क्रोबेरी, रानटी ब्लूबेरी, छोट्या अझेलियांची पाने, फुले, फळे आणि थोडे किडे. यातल्या बऱ्याच वनस्पतींत टॅनिन आणि विषारी द्रव्ये असतात. ती पचवायला त्याच्याकडे लांबलचक अशी दोन आंधळी, म्हणजे एका टोकाला बंद असलेली, आतडी आहेत आणि त्यांत खास जिवाणू राहतात. पिल्लू जन्मते तेव्हा हे जिवाणू त्याच्या पोटात नसतात. मग पहिल्या काही दिवसांत ते आईच्या मागे फिरताना तिची मऊ, तपकिरी, लापशीसारखी विष्ठा टिपून खाते. नेहमीची शीट वेगळी असते, कोरडी, तंतुमय, किंचित वाकलेली कांडी. ही मऊ विष्ठा आंधळ्या आतड्यांतून येते आणि तिच्यातूनच जिवाणू पिल्लाच्या पोटात जातात. प्राणिसंग्रहालयात इन्क्युबेटरमध्ये अंडी उबवली तेव्हा नेमकी हीच अडचण आली. आई नाही, तर जिवाणू कुठून येणार? शेवटी रानातल्या पक्ष्यांची अशी विष्ठा गोळा करून, गोठवून सुकवून पिल्लांच्या खाण्यात मिसळण्याचे प्रयोग करावे लागले. अशा पोटाच्या पक्ष्याला मैदा आणि साखर दाखवण्यात काय अर्थ आहे?

तुकडा मात्र वाया जात नाही. तो डोमकावळा खातो. मुरोदोला येणारा कावळा आपल्या डोमकावळ्याचाच जवळचा भाऊबंद आहे आणि अक्कलही तेवढीच. उष्टे मिळते म्हटल्यावर तो रोज वर येऊ लागतो आणि एकदा आला की हाइमात्सुच्या कडेने हिंडत अंडी शोधतो. रात्री कोल्हा आणि मार्टन याच वासावर चढतात. मार्टन म्हणजे मुंगसाएवढा, झाडावर चढणारा शिकारी. राइचोचे जुने शत्रू म्हणजे सोनेरी गरुड आणि ओकोजो नावाचे छोटे स्टोट, मुंगसासारखे लांबट अंगाचे शिकारी जनावर. त्यांच्याशी तो हजारो वर्षे निभावत आला. कोल्हा, मार्टन, कावळा आणि केस्ट्रेल ससाणा मात्र खालून वर आलेले आहेत. त्यांच्याविरुद्ध त्याच्याकडे बचाव जवळजवळ नाही. पाइनच्या आडोशाला निश्चल बसून राहणे गरुडापुढे उपयोगी पडते, वास घेत येणाऱ्या कोल्ह्यापुढे नाही.

हे नुसते अनुमान नाही. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरावर १९६० च्या दशकात स्कीइंगचे केंद्र झाले. तिथल्या टार्मिगनचा पाठपुरावा ॲडम वॉटसन आणि रॉबर्ट मॉस यांनी अनेक वर्षे केला आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यटकांच्या उष्ट्यावर कावळे आले, त्यांनी घरटी लुटली. लिफ्टच्या तारांना आपटून मोठे पक्षी मेले. वाहनतळाच्या जवळच्या भागात पिल्ले वाढणेच बंद झाले आणि केंद्रापासून दूरच्या डोंगरांवर तोच पक्षी बरा राहिला. पक्षी तोच, फक्त देश वेगळा.

आपल्या लेखात आणखी एक समज डोकावतो, की एवढ्या बर्फात हा बिचारा जगतो कसा. त्याची काळजी नसावी. थंडी त्याला मारत नाही. वर्षातून तीनदा त्याची पिसे बदलतात. हिवाळ्यात पांढरी, फक्त शेपटीच्या कडेची पिसे काळी राहतात, आणि नराच्या चोचीपासून डोळ्यापर्यंत एक काळी रेघ असते. उन्हाळ्यात नराची पाठ काळसर तपकिरी, मादी पिवळ्या-काळ्या बुट्ट्यांची. शरद ऋतूत दोघेही करडे, दगडांच्या रंगाचे. वादळ आले की तो मऊ बर्फात खळगा उकरून आत बसतो. वारा वरून जातो आणि आत बाहेरच्यापेक्षा बरीच ऊब असते. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डचा टार्मिगन अंधाऱ्या हिवाळ्यासाठी अंगावर चरबी साठवतो, जवळजवळ वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. जपानमधल्याला तेवढीही गरज पडत नाही, कारण त्याला हिवाळ्यातही रोज उजेड मिळतो आणि रोज कळ्या मिळतात.

त्याचा कसोटीचा काळ जुलै. मादी जूनमध्ये पाच ते सात अंडी घालते. सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते, म्हणून पिल्ले एकाच दिवशी बाहेर येतात. उबवण सुमारे बावीस-तेवीस दिवसांची. या काळात ती दिवसातून मोजक्या वेळा, थोडाच वेळ चरायला उठते. नर उबवत नाही. तो उंच दगडावर बसून हद्द राखतो, बेडकासारखा घोगरा आवाज काढतो आणि पिल्ले निघाल्यावर त्या संसारातून बाजूला होतो. अंड्यातून निघालेले पिल्लू पंधरा-सतरा ग्रॅमचे असते, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या पायांवर चालत स्वतःचे खाणे स्वतः टिपते. आई भरवत नाही. ती फक्त वाट दाखवते, पहारा करते आणि ऊब देते.

इथेच घात होतो. पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता टिकवता येत नाही. ते काही मिनिटे चरते, गारठते, आईच्या पोटाखाली शिरते, ऊब घेते, परत चरायला निघते. दिवसभर हेच चालते. आता पिल्ले निघण्याची वेळ म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, आणि जपानचा त्सुयु, म्हणजे तिथला पावसाळा, संपतो जुलैच्या उत्तरार्धात. सलग दोन-तीन दिवस थंड पाऊस आणि वारा लागला की पिल्लू पेचात सापडते. बाहेर राहिले तर भिजून गारठते, आईखाली राहिले तर उपाशी राहते. त्यातच आईला वारंवार जागा सोडावी लागली, कोल्ह्यामुळे असो की फोटो काढणाऱ्या घोळक्यामुळे, तर उबेची पाळी चुकते. पंधरा ग्रॅमच्या जिवाला चुकलेली पाळी पुन्हा मिळत नाही. अंड्यातून निघालेल्यांपैकी बरीचशी पिल्ले पहिल्याच महिन्यात जातात.

म्हणूनच संवर्धनाचे सगळे लक्ष या एका महिन्यावर आहे. १९८० च्या दशकात जपानभर सुमारे ३००० राइचो असल्याचा अंदाज होता, २००० नंतरच्या दशकात तो १७०० च्या आसपास आला. दक्षिण आल्प्समध्ये, ३१९३ मीटरच्या कितादाके डोंगरावर, घट फार मोठी होती. नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी नोरिकुरावर आधी करून पाहिलेली पिंजऱ्याची पद्धत तिथे २०१५ पासून वापरली. पद्धत अशी. अंडी फुटली की आई आणि पिल्लांना हाताने उचलत नाहीत. तीन-चार माणसे मागून, बाजूने, पिल्लांच्या चालीने चालत त्यांना जाळीच्या पिंजऱ्याकडे वळवतात. पिल्ले आईच्या मागेच राहतात, म्हणून आई आत गेली की काम झाले. रात्र पिंजऱ्यात. पाऊस-वाऱ्यातही पिंजऱ्यात, वरून आच्छादन, आत खाणे. हवा उघडली की दार उघडायचे आणि कुटुंबाला बाहेर चरू द्यायचे, सोबत माणसांचा पहारा, कावळा किंवा ससाणा आला तर हाकलायचा. असे तीन-चार आठवडे, पिल्ले नीट उडू लागेपर्यंत. मग मोकळे. घाई केली तर पिल्लू आईपासून फुटते. फार दिवस ठेवले तर त्याला रानातले खाणे शोधायची सवय लागत नाही. जोडीने कोल्हे आणि मार्टन यांना सापळे लावावे लागतात, नाहीतर मोकळे सोडलेले कुटुंब त्यांच्याच तोंडी जाते.

मध्य आल्प्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे १९६७ मध्ये रोपवे झाला, लोक २६१२ मीटरपर्यंत बसल्या जागी पोहोचू लागले आणि १९६९ नंतर राइचो दिसला नाही. केवळ रोपवेने तो संपला असे म्हणता येणार नाही, पण वेळेचा योग दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. २०१८ मध्ये तिथल्या किसो-कोमागाताके शिखरावर एक मादी दिसली, दुसऱ्या डोंगरावरून उडत आलेली. जोडीदार नसल्याने तिची अंडी निर्बीज. २०१९ मध्ये ती काढून तिथे नोरिकुरावरची फलित अंडी ठेवली. तिने ती उबवली, पिल्लेही निघाली, पण दहा-बारा दिवसांत नाहीशी झाली. २०२० मध्ये पुन्हा प्रयोग केला, या वेळी प्राणिसंग्रहालयातली अंडी. पिल्ले निघाली त्याच सुमारास माकडांची टोळी घरट्यापाशी आली, कुटुंब विस्कटले आणि पिल्ले गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोरिकुरावर पिंजऱ्यात सांभाळलेली तीन कुटुंबे, एकूण १९ पक्षी, हेलिकॉप्टरने तिथे नेऊन सोडली. ती वस्ती धरली. आज मध्य आल्प्समध्ये शंभरावर राइचो आहेत.

माकडांचा उल्लेख मुद्दाम केला. जपानी मकाक एवढ्या उंचावर पूर्वी येत नसत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आल्प्समध्ये एका माकडाच्या हातात राइचोचे पिल्लू असल्याचे छायाचित्र मिळाले आणि खाली राहणारे आणखी एक जनावर वर पोहोचल्याचे सिद्ध झाले. माथेरान-महाबळेश्वरला माकडांना शेंगदाणे घालून काय झाले ते आपण पाहतोच. तिथे निदान माणसाचीच पिशवी जाते.

तर जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. राइचो पाहायचा असेल तर स्वच्छ उन्हाची वाट पाहू नका. ऊन पडले की गरुड-ससाणे फिरतात आणि हा पाइनमध्ये दडतो. धुके उतरले, आकाश भरून आले, की तो मोकळ्यावर येतो. म्हणजे फोटोसाठी वाईट हवा ती पक्ष्यासाठी चांगली. एप्रिलअखेर मुरोदोला नर अजून बराच पांढरा असतो, डोळ्यांवरची लाल पट्टी फुगलेली. तो उंचवट्यावर बसतो, म्हणून दगडांची टोके आणि बर्फातून वर आलेले पाइनचे शेंडे दुर्बिणीने चाळावेत. मेच्या मध्यापर्यंत डोके-मान काळी होते आणि पक्षी अर्धा पांढरा अर्धा काळा दिसतो. जुलैमध्ये गेलात तर पिल्ले दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि जबाबदारीही.

वाटेच्या दोरीबाहेर पाऊल टाकू नये, अगदी फोटोपुरतेही नाही. तिथली इंचभर उंचीची झुडपे वाढायला वर्षे लागतात आणि तेच पिल्लांचे ताट असते. पक्षी वाटेवर आला तर आपण थांबायचे, तो पुढे जाईपर्यंत. आई एका बाजूला आणि पिल्ले दुसऱ्या बाजूला असतील तर मधून जायचे नाही. पिल्ले एकामागून एक, अंतर ठेवून वाट ओलांडतात. शेवटचे बरेच मागे असते आणि नेमके तेच पायाखाली येते. आई पंख मोडल्यासारखी फरफटत पळू लागली तर ती जखमी नसते, तुम्हाला पिल्लांपासून दूर नेत असते. अशा वेळी मागे फिरावे. फ्लॅश नको, ड्रोन नको, मोबाइलवर त्याचा आवाज लावणे तर अजिबात नको, कारण नर हद्द राखण्यासाठी धावून येतो आणि तेवढा वेळ त्याचे चरणे बंद राहते. बूट पुसण्यासाठी ठेवलेल्या चटयांवर पाय नीट घासावेत. तळव्याला चिकटून येणारे सपाटीवरच्या गवताचे बी वर रुजू नये यासाठी त्या आहेत. आणि खाण्याचे काहीही, संत्र्याची साल आणि शेंगदाण्याचे टरफलसुद्धा, पिशवीतून खाली परत न्यावे.

सहल कंपन्यांच्या मार्गदर्शकांनाही एक विनंती. बस मुरोदोला पोहोचली की सूचना देताना खाऊचे पुडे बसमध्येच ठेवायला सांगावे. तीस-चाळीस माणसांचा गट एकदम एका पक्ष्याभोवती कोंडाळे करतो, तेव्हा पाच-सहा जणांच्या तुकड्या करून, पाच मीटरच्या आत न जाता, दोन मिनिटांत पुढे सरकायला लावावे.

पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी आणि चित्राखालची ओळ बदलावी, एवढेच मागणे आहे. लेखाची ऑनलाइन आवृत्ती अजून तशीच आहे. तिथला बिस्किटाचा उल्लेख शक्यतो एप्रिलमध्ये मार्ग उघडण्याआधी काढून टाकावा.

आपले,
काही पक्षी-अभ्यासक, पुणे